ज्युरीनंतरचा आठवडा: डिझाइनचं काम दुरुस्त करण्याचा क्रम

ज्युरी, म्हणजे कॉलेजात परीक्षकांसमोर काम मांडून होणारी तपासणी, दुपारी चारला संपते आणि रात्री अकराला माझ्या फोनवर नवी पीडीएफ येऊन पडते. 'मॅडम, रंग बदललेत, फाँटही बदललाय, एकदा बघता का?' मी बघते. रंग खरंच बदललेले असतात. ज्युरीने विचारलेला प्रश्न मात्र होता तिथेच असतो. पुढच्या सोमवारी तोच परीक्षक तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि विद्यार्थ्याला वाटतं, आपल्या जागरणांची कुणाला किंमतच नाही.

मेहनत भरपूर होते, पण क्रम उलटा लागतो. हाताला सोपं ते आधी, ज्युरीने खरं विचारलं ते शेवटी, आणि प्रिंटचा विचार सबमिशनच्या आदल्या रात्री. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. फीडबॅक सोमवारी मिळाला आणि सुधारलेलं काम पुढच्या सोमवारी सकाळी साडेदहाला भिंतीवर लागायला हवं, असं धरलंय. तुमचा वार वेगळा असेल तर सगळे टप्पे तेवढे सरकवा, त्यांची अदलाबदल करू नका.

उदाहरण म्हणून एकच काम शेवटपर्यंत घेते. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने पुण्याच्या महात्मा फुले मंडईसाठी दिशादर्शक पाट्यांचा संच केला होता. मंडईत पहिल्यांदा आलेल्या माणसाला हवं ते कुठे मिळेल, हे त्या पाट्यांनी सांगायचं होतं. ज्युरीत तिला सहा गोष्टी ऐकायला मिळाल्या: 'रंग जास्त झालेत.' 'पाटी दिसते, पण वाचता येत नाही.' 'नकाशा नेमका कुणासाठी आहे?' 'मराठी भाषांतरासारखी वाटते.' 'कर्निंग बघ' (म्हणजे अक्षरांमधली जागा). आणि 'प्रोसेस दिसत नाही.' तुमचं काम पॅकेजिंगचं असो, ॲपचं असो की खुर्चीचं, यातली निम्मी वाक्यं तुम्हीही ऐकलेली असतील.

## सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

एक कोरी वही, चिकटचिठ्ठ्या, काळा मार्कर, मीटर-टेप, कटर, स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट. कागदाचं सामान अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतं. मात्र पेठांमधली बरीच दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी जा.

दुसरी तयारी वेळेची. वहीच्या पहिल्या पानावर पुढचा सोमवार लिहा आणि तिथून मागे मोजत या. रविवारी प्रेस बंद, म्हणजे अंतिम प्रिंट शनिवारी. शनिवारी प्रिंट म्हणजे नमुना प्रिंट शुक्रवारी. शुक्रवारी संध्याकाळी नमुना काढायचा तर फाइल शुक्रवारी दुपारी उभी हवी. असं मोजलं की लगेच दिसतं, सात दिवसांपैकी कॉम्प्युटरवर बसायला जेमतेम एक दिवस आहे, गुरुवार दुपार ते शुक्रवार दुपार. बहुतेकांना हे शुक्रवारी कळतं.

तिसरं, जुन्या कामाची प्रत गोठवा. ज्युरीत जे लागलं होतं ते सगळं एका फोल्डरमध्ये टाका, नावात तारीख घाला आणि त्याला पुन्हा हात लावू नका. नवं काम नव्या फोल्डरमध्ये. 'फायनल', 'फायनल२', 'एकदम फायनल' अशी नावं देऊ नका. तारीख आणि क्रमांक पुरतो. ही जुनी प्रत रविवारी लागणार आहे.

## टप्पा १: सोमवार संध्याकाळ. ऐकलं तसंच उतरवा

ज्युरीनंतर दोन तासांच्या आत, कुठल्याही कट्ट्यावर बसा आणि परीक्षक जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. 'रंग जास्त झालेत' असं ते म्हणाले असतील तर वहीत तेच हवं. 'कलर पॅलेट बदलायची' असं लिहिलंत की तुम्ही परीक्षकाचं निरीक्षण पुसून स्वतःचा उपाय लिहिलात. मग आठवडाभर तुम्ही त्या उपायावर काम करता आणि मूळ वाक्य विसरून जाता.

प्रत्येक वाक्यापुढे आणखी दोन गोष्टी टिपा. कोण बोललं, आणि बोलताना त्यांची नजर कशावर होती. 'वाचता येत नाही' हे मोठ्या पाटीबद्दल होतं की खांबावरच्या छोट्या पट्टीबद्दल? यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

उभं राहून बोलणाऱ्याला स्वतःला फारसं आठवत नाही, हा अनुभव सगळ्यांचा. म्हणून ज्युरीआधीच एखाद्या मित्राला सांगून ठेवा, 'माझ्या वेळी तू लिही, तुझ्या वेळी मी लिहीन.' रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

सावधान: त्या रात्री फाइल उघडू नका. मन दुखावलेलं असतं आणि दुखावलेला हात जे चांगलं होतं तेही पुसतो. जेवा आणि झोपा.

## टप्पा २: मंगळवार सकाळ. वाक्यांमागचं कारण शोधा

एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहून सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावा. मग त्यांचे तीन ढीग करा. पहिल्यात निरीक्षणं: परीक्षकाला काय दिसलं, काय खटकलं. दुसऱ्यात प्रश्न: त्यांना काय कळलं नाही. तिसऱ्यात उपाय: 'निळा करून बघ', 'इथे फोटो टाक'.

तिसरा ढीग सगळ्यात फसवा. त्यातलं काम लगेच करता येतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण परीक्षकाने दिलेला उपाय हा त्यांना झालेल्या त्रासाचा पुरावा असतो. प्रत्येक उपायाच्या चिठ्ठीखाली लिहा: 'हे सांगावंसं त्यांना का वाटलं?' उत्तर सापडलं की ती चिठ्ठी पहिल्या ढिगात जाते. नाही सापडलं तर ती गाईडकडे, म्हणजे प्रोजेक्टच्या मार्गदर्शक शिक्षकांकडे, न्यायची.

आता पहिल्या दोन ढिगांतली कुठली वाक्यं एकाच कारणातून आली आहेत ते बघा. इथे घाई करू नका, अख्खी सकाळ द्या. त्या मुलीच्या संचात नऊ रंग होते. ज्युरीनंतरच्या रात्री तिने तेच नऊ रंग फिके करून मला पाठवले होते. मी विचारलं, 'नऊ का?' ती म्हणाली, 'नऊ विभाग आहेत ना.' मग मी विचारलं, 'विभाग नऊच का?' त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. विभाग तिने घरी बसून पाडले होते. 'नकाशा कुणासाठी आहे' आणि 'मराठी भाषांतरासारखी वाटते' या चिठ्ठ्याही मग तिथेच येऊन चिकटल्या, कारण विभागांची नावं तिने आधी इंग्रजीत ठरवली होती. सहापैकी तीन तक्रारींचं मूळ एकच निघालं: मंडईत जाणारा माणूस भाजीचे गट कसे पाडतो हे तिने विचारलंच नव्हतं. रंग कितीही फिके केले असते तरी पुढच्या सोमवारी तिला तेच ऐकावं लागलं असतं.

दोन परीक्षक एकमेकांविरुद्ध बोलले असतील तर घाबरू नका. एक म्हणतो अक्षर मोठं कर, दुसरा म्हणतो पाटीवर गर्दी झालीय. दोघांनाही वाचताना त्रास झाला, हे त्यातलं समान सत्य. मधला मार्ग काढून अक्षर थोडंसं मोठं केलंत तर दोघेही नाराज राहतील. मजकूर निम्मा करा, म्हणजे अक्षरही मोठं होतं आणि गर्दीही जाते.

तपासा: दुपारपर्यंत तुमच्याकडे दोन ते चार मूळ कारणं उरायला हवीत. दहा उरली असतील तर तुम्ही अजून लक्षणंच मोजताय.

## टप्पा ३: मंगळवार दुपार. गाईडची पंधरा मिनिटं

एका पानावर मूळ कारणं आणि प्रत्येकापुढे एका ओळीत 'मी हे करणार' एवढंच लिहून न्या. लॅपटॉप नेऊ नका, नाहीतर चर्चा पुन्हा रंगांवर जाते. तीन गोष्टी विचारा: कारण बरोबर पकडलंय का, आठवड्यात यातलं किती होईल, आणि काय सोडून दिलं तर चालेल. शेवटचा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. पण गाईडने 'नकाशा या वेळी राहू दे, पाट्या नीट कर' असं सांगितलं तर तुमचे दोन दिवस वाचतात आणि त्या निर्णयाला साक्षीदारही मिळतो.

'कसं वाटतंय?' हे विचारू नका. त्याचं उत्तर 'बरंय' असं येतं आणि पंधरा मिनिटं संपतात.

## टप्पा ४: बुधवार सकाळ. जागेवर जा

बहुतेक आठवड्यांत हाच टप्पा गाळला जातो, आणि बहुतेक कामं इथेच सुधारतात.

पाटी असेल तर जिथे लागणार तिथे जा, पॅकेज असेल तर किराणा दुकानात, ॲप असेल तर ते वापरणाऱ्या माणसाशेजारी बसा. सोबत सुंदर प्रिंट नको. कोऱ्या कागदावर मार्करने लिहिलेला मजकूर पुरतो. कागद कच्चा दिसला की लोक मोकळेपणाने चुका दाखवतात. छापील, चकचकीत काही पुढे धरलं की 'छान आहे' म्हणून पुढे जातात.

आम्ही सकाळी सव्वासातला मंडईत पोचलो. मुलीने चार ए-४ कागद जोडून त्यावर 'भाजीपाला विभाग' असं लिहून आणलं होतं. तिने तो कागद डोक्यावर धरला आणि मी दहा पावलं मागे गेले. मेथीच्या जुड्या लावत बसलेल्या मावशींनी वर पाहिलं आणि विचारलं, 'काय लिहिलंय गं त्यावर?' मुलीने वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, 'असं कुणी विचारत नाही. पालेभाजी कुठंय म्हणतात, नाहीतर कांदा-बटाटा कुठंय म्हणतात.' मग जरा थांबून त्यांनी वर बोट दाखवलं. 'आणि तिथं लावलीस तर दिसणार नाही. माझी ताडपत्री येते उन्हाची.'

पाच मिनिटांत दोन मूळ कारणं सुटली. नावं कुठून घ्यायची ते कळलं, आणि पाटी कितीही देखणी असली तरी त्या उंचीवर ताडपत्रीमागे जाणार, तेही कळलं. पुढच्या तासाभरात मुलीने येणाऱ्या-जाणाऱ्यांचे प्रश्न ऐकून वहीत उतरवले. कुणालाही काही न विचारता, नुसतं उभं राहून. नऊ विभागांचे पाच झाले: पालेभाजी, फळभाजी, कांदा-बटाटा, फळं, पूजेचं साहित्य. पाच शब्दांना नऊ रंग लागतच नाहीत.

जागेवर करायची मोजमापं अशी:

१. माणूस पाटी पहिल्यांदा कुठून बघतो? मेट्रोच्या जिन्याने वर आल्यावर, की फाटकातून आत शिरल्यावर? ते अंतर टेपने किंवा पावलांनी मोजा.

२. अक्षराची उंची त्या अंतरावरून काढा. पाट्यांच्या कामात साधारण तीन मीटरला २५ मिमी असा ढोबळ हिशेब धरतात. दहा मीटरवरून वाचायचं तर अक्षर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास हवं. हा हिशेब रोमन मोठ्या अक्षरांवर बेतलेला आहे. देवनागरीत शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची धरा, वरच्या मात्रा आणि खालचे उकार मोजू नका. जोडाक्षरं असतील तर त्याहून मोठं घ्या.

३. मध्ये काय येतं ते टिपा: ताडपत्री, टांगलेले दिवे, उभं वाहन, माणसांची डोकी.

४. सकाळचा आणि संध्याकाळचा उजेड, दोन्ही बघा. दोन्ही वेळा जमत नसेल तर संध्याकाळी जा, कमी उजेडात चुका लवकर दिसतात.

पूर्ण मापाचा नमुना तिथे नेणं जमत नसेल तर खोलीत करून बघा. सगळं पाचपट लहान करा: साडेआठ सेंटिमीटरचं अक्षर १७ मिमीचं छापा आणि दहा मीटरऐवजी दोन मीटरवरून वाचायला द्या. आजीला द्या, वर्गमित्राला नको. वर्गमित्राला मजकूर पाठ झालेला असतो.

सावधान: गिऱ्हाइकीच्या वेळी गाळ्यासमोर उभं राहू नका. फोटो काढण्याआधी विचारा. आणि ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्या. आम्ही दोन जुड्या मेथी घेतली.

## टप्पा ५: बुधवार दुपार ते गुरुवार दुपार. हाताने, काळ्या-पांढऱ्यात

आता उपाय, पण अजून कागदावर. एका मूळ कारणाला किमान तीन वेगळे उपाय, प्रत्येकी दहा मिनिटांत. काळा मार्कर आणि पांढरा कागद. रंग नाही, करड्या छटा नाहीत. जे काळ्या-पांढऱ्यात कळत नाही ते रंगाने कळेल अशी आशा धरू नका. लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारी माणसंही मंडईत येतात, आणि संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली सगळ्यांचेच रंग गडबडतात. रंग नंतर येईल, ओळख पटवायला आणि आनंद द्यायला.

तीनपैकी एक उपाय निवडा आणि का निवडला ते त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहा. बाकीचे दोन फेकू नका. 'प्रोसेस दिसत नाही' या तक्रारीचं उत्तर हे कागदच आहेत. त्यांच्यावर तारीख टाका. नंतर कॉम्प्युटरवर 'स्केचसारखं' बनवलेलं पान परीक्षक लगेच ओळखतात.

पुण्यात देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात आणि वीज जाते. गुरुवारची सकाळ कागदावर ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. लॅपटॉप बुधवारी रात्रीच चार्ज करून ठेवा.

## टप्पा ६: गुरुवार दुपार ते शुक्रवार दुपार. फाइल

फाइल बांधतानाही क्रम आहे. आधी मजकूर पक्का, मग मांडणी, मग अक्षर, सगळ्यात शेवटी रंग. मांडणी पूर्ण झाल्यावर मजकूर बदलला की सगळं पुन्हा हलतं.

मराठी मजकूर असेल तर पुढचं नीट वाचा. दर वर्षी जवळपास अर्ध्या कामांत मला याच चुका दिसतात, आणि मराठी शहरातल्या मराठी पाटीवर त्या दिसल्या की मला फार वाईट वाटतं.

पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर गेली आहे का? 'माहिती'तली वेलांटी 'ह'च्या उजवीकडे येऊन बसली, किंवा जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसायला लागली, तर सॉफ्टवेअरचा कंपोजर (ओळीत अक्षरं जुळवणारी सोय) चुकीचा आहे. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात इंडिक पर्याय चालू करा आणि मग पॅराग्राफ पॅनेलमधून दक्षिण आशियाई कंपोजर घ्या. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात.

'पायऱ्या' की 'पायर्या'? मराठीत पहिलंच बरोबर. 'र' लिहून पाय मोडला आणि 'य' जोडला तर रफार तयार होतो आणि शब्द बिघडतो. त्यासाठी 'ऱ' हे नुक्त्याचं अक्षर वापरावं लागतं. 'दुसऱ्या', 'विकणाऱ्या', 'कोपऱ्यात' हे शब्द फाइलमध्ये शोधून एकेक तपासा.

'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का? अनेक देवनागरी फाँटांत आधी हिंदी वळणाचे येतात. फाँटमध्ये सोय असेल तर मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर आपले 'ल' आणि 'श' आपोआप येतात. नाही आले तर ग्लिफ पॅनेलमध्ये, म्हणजे फाँटमधल्या सगळ्या अक्षररूपांच्या यादीत, शोधा. 'मंडई'त फरक पडणार नाही, पण 'पालेभाजी'त 'ले' हिंदी वळणाचा आला की वाचणाऱ्याला काहीतरी परकं वाटतं. नेमकं काय, ते त्याला सांगता येत नाही एवढंच.

अक्षरांमध्ये जागा वाढवू नका. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ट्रॅकिंग वाढवलं की शीर्षक मोकळं दिसतं, म्हणून मुलं तेच मराठीवर करतात. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. त्या मुलीला मिळालेल्या 'कर्निंग बघ'चा अर्थ एवढाच होता. ट्रॅकिंग शून्यावर आणलं आणि ती तक्रार दहा सेकंदांत मिटली.

ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवू नका. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना टेकतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीपासून सुरू करा आणि डोळ्याने कमी-जास्त करा. इंग्रजी सोबत असेल तर दोन्हींना एकच पॉइंट आकार देऊन थांबू नका. शेजारी ठेवून बघा, बहुतेक फाँटांत एक लिपी दुसरीपेक्षा लहान वाटते. मराठी पाटीवर मराठी लहान दिसू नये.

ऱ्हस्व-दीर्घ कुणाकडून तरी तपासून घ्या. तुमच्या मराठी माध्यमातल्या मावशी-काका हे काम आनंदाने करतील. मजकूर मोठ्याने वाचून दाखवा आणि एकदा उलटा, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचा. 'स्वच्छतागृह', 'पिण्याचे पाणी', 'प्रवेशद्वार' हे शब्द इतके ओळखीचे असतात की त्यातली चूक डोळा आपणहून भरून काढतो.

रंग आता. टप्पा ५ मधली काळी-पांढरी मांडणी जशीच्या तशी ठेवून त्यावर रंग चढवा, आणि पूर्ण झाल्यावर फाइल पुन्हा करड्या छटांत बदलून बघा. दोन विभाग सारखे दिसले तर त्यातला एक रंग बराच गडद किंवा बराच फिका करा.

तपासा: शुक्रवारी दुपारी मंगळवारच्या चिठ्ठ्या समोर घ्या. प्रत्येक मूळ कारणापुढे फाइलमध्ये नेमकं बोट ठेवता येतंय का? येत नसेल तर ते आत्ता करा आणि सजावट सोडा.

## टप्पा ७: शुक्रवार संध्याकाळ. नमुना प्रिंट

नारायण आणि सदाशिव पेठेत प्रिंट करणारे पुष्कळ आहेत. कुठेही जा, पण अंतिम प्रिंट जिथे काढणार तिथेच, त्याच मशीनवर, त्याच कागदावर नमुना काढा. कॉलेजच्या प्रिंटरवर नमुना आणि पेठेत फायनल, असं केलं तर नमुन्याचा काही उपयोग नाही.

पूर्ण पाटी छापायची गरज नाही. ए-३ कागदावर पट्टी करा: त्यात सगळे रंग, सगळ्यात लहान अक्षर, सगळ्यात बारीक रेघ आणि एखाद्या फोटोचा तुकडा. फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) असू द्या. स्क्रीनवरचा झगमगता हिरवा आणि केशरी आरजीबीत दिसतो, छपाईत तो मळतो. हा धक्का शुक्रवारी बसू दे, शनिवारी नको. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा ठेवा. चार शाया मिळून केलेला काळा जरा जरी हलला तरी बारीक अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात. फोटो छापील मापाला ३०० डीपीआय, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई), क्रॉप मार्क (कापायच्या खुणा) चालू. पीडीएफ देताना फाँट एम्बेड केलेले (फाइलमध्येच बसवलेले) हवेत. आउटलाइन करून (मजकुराचे नुसते आकार करून) द्यायचं असेल तर ते वेगळ्या प्रतीत करा, मूळ फाइलमध्ये नाही, नाहीतर शनिवारी सापडलेली वेलांटी सुधारता येणार नाही.

फाइल पेनड्राइव्हवर, ईमेलवर आणि फोनवर, तिन्ही ठिकाणी असू द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते, ती कधीच छापायला देऊ नका.

दुकानातून निघण्याआधी नमुना उन्हात, सावलीत आणि दुकानाच्या दिव्याखाली बघा. पट्टी लावून माप घ्या: १०० मिमीची रेघ कागदावर १०० मिमीच आहे का? 'फिट टू पेज' चालू राहिलं असेल तर ती ९६ मिमीची येते आणि तुमचा अक्षरांच्या उंचीचा सगळा हिशेब बिघडतो.

## टप्पा ८: शनिवार. अंतिम प्रिंट आणि माउंटिंग

सकाळी दुकान उघडताच पोचा. दुपारी एकच्या आत प्रिंट हातात नसेल तर चारपर्यंत थांबावं लागू शकतं. सगळ्यात महत्त्वाची शीट आधी छापा, म्हणजे मशीन बिघडलं तरी ती हातात असते. प्रिंट गुंडाळून आणा, घडी घालू नका.

सनबोर्डवर (हलक्या फोमच्या बोर्डवर) चिकटवण्याआधी प्रिंटची शाई तासभर सुकू द्या. दोन जण लागतात: एकाने कागद ताणून धरायचा, दुसऱ्याने एका कडेपासून कोरड्या कापडाने दाबत पुढे जायचं. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि रात्रीतून फुगे येतात. तेव्हा डबल टेप नुसती कडांना न लावता मधेही पट्ट्या द्या आणि बोर्ड रात्रभर वह्या-पुस्तकांच्या वजनाखाली ठेवा. कापताना कटरचं पातं नवं घ्या आणि एका दाबात कापू नका. तीन हलके हात फिरवले की कड स्वच्छ येते.

सावधान: चिकटवल्यावर चूक दिसली तर त्यावर चिठ्ठी चिकटवून झाकू नका. वेळ असेल तर ती शीट पुन्हा छापा, नसेल तर चूक तशीच ठेवून सोमवारी स्वतःहून सांगा.

## टप्पा ९: रविवार. बदलांचं पान आणि तीन मिनिटांचं बोलणं

आता गोठवलेली जुनी प्रत उघडा. ए-३ च्या एका पानावर चार रकाने आखा: ज्युरीचं वाक्य, मूळ कारण, मी काय बदललं, ते कशावरून बरोबर. शेवटच्या रकान्यात मत नको. 'दोन मीटरवरून पाच जणांना वाचायला दिलं, चौघांनी न अडखळता वाचलं' असं काहीतरी हवं, आणि ते खरोखर केलेलं हवं. शेजारी जुनं आणि नवं काम एकाच मापात लावा. सोबत तारखा टाकलेले स्केच आणि मंडईतल्या प्रश्नांचं वहीचं पान, मेथीच्या चिखलाच्या डागासकट.

जे फीडबॅक तुम्ही स्वीकारलं नाही तेही लिहा, कारणासह. एका परीक्षकाने 'प्रत्येक विभागाला फोटो टाक' असं सुचवलं असेल, आणि फोटो दहा मीटरवरून ओळखू येत नाही हे तुम्ही करून पाहिलं असेल, तर तो नमुना जवळ ठेवा. मान ठेवून 'नाही' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याशी परीक्षक चांगली चर्चा करतात. गुपचूप टाळलेली सूचना मात्र त्यांना झोंबते.

बोलणं तीन मिनिटांचं: मागच्या सोमवारी काय कळलं, कुठे जाऊन काय पाहिलं, काय बदललं. घड्याळ लावून घरच्यांसमोर दोनदा बोला. 'वेळ कमी होता' हे वाक्य काढून टाका.

## टप्पा १०: सोमवार सकाळ

ए-१ बोर्ड दुचाकीवर नेऊ नका. वाऱ्याने तो वाकतो आणि मागे बसलेल्याला तोल सांभाळता येत नाही. रिक्षा ठरवा, बोर्ड दोन जुन्या चादरींमध्ये बांधा, कोपऱ्यांना पुठ्ठा लावा. पिशवीत कटर, टेप, पिना, स्टीलची पट्टी, पेनड्राइव्ह आणि नमुन्याची पट्टी.

साडेनऊला पोचा. बदलांचं पान सगळ्यात डावीकडे लावा, म्हणजे परीक्षक तिथूनच वाचायला लागतील. शीटचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येऊ द्या. मग परीक्षक जिथे उभे राहतील तिथे जाऊन उभं राहा आणि सगळ्यात लहान ओळ वाचून बघा. वाचता येत नसेल तर ती शीट खाली किंवा पुढे घ्या. मंगळवारच्या चिठ्ठ्या खिशात असू द्या. प्रश्न आला आणि शब्द आठवेनासे झाले तर त्या काढून वाचायला हरकत नाही.